मासे खातो म्हणून आपण तंदुरुस्त आहोत का? भोपाळच्या टी. टी. नगरात काय पाहिलं, त्यावरून थोडंसं



"आपण मच्छीमार. ताजी मासळी खातो, अंगमेहनत करतो. शुगर-बीपी हे शहरातल्या खुर्चीवाल्यांचे रोग." हे बोलणं आपल्या संस्थेच्या ओट्यावर लय वेळा ऐकू येते. पण गेल्या दोन वर्षांत आपल्या दोन सभासदांना लकवा मारला. दोघंही पन्नाशीच्या आतले, दोघंही लहानपणापासून तलावावरचे, दोघांच्याही घरी आठवड्यातून चार दिवस मासळी. आज दोघांचीही जाळी खुंटीला टांगलेली आहेत.

यात एक गोष्ट सगळ्यांनी नीट समजून घ्या. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतला आपला ५ लाखांचा विमा हा अपघाताचा आहे. डोंगा उलटला, माणूस बुडाला, हात-पाय कायमचा गेला, तर तो मिळते. घरी बसल्या लकवा मारला किंवा हार्ट अटॅक आला तर त्यातून एक रुपया येत नाही. दवाखान्याचं बिल आयुष्मान कार्डावर निघूनही जाईल, पण नंतर घर कोण चालवणार? आपल्या धंद्यात शरीर हेच भांडवल आहे. म्हणून या वेळी मत्स्यबीज, टेंडर, लीज हे सगळं बाजूला ठेवून ताटावर आणि हातापायावर लिहितो आहोत.

मध्यप्रदेशातल्या संस्था कशा चालतात ते बघायला आम्ही पाच जण भोपाळला गेलो होतो. संस्थांची माहिती वेगळी टाकूच. आमचा मुक्काम टी. टी. नगरात होता. तिथं जे खाणं-पिणं आणि राहणीमान पाहिलं, त्यावरून हा विषय डोक्यात बसला.

एक मोहल्ला, दहा प्रकारची ताटं

टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर. तात्या म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचे. १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीला त्यांना फाशी दिली गेली. १९५६ साली भोपाळ राजधानी झाली आणि सरकारी नोकरांसाठी जी वस्ती उभी झाली, तिला त्यांचं नाव मिळालं. न्यू मार्केट इथंच, तात्या टोपे स्टेडियमही इथंच. राजधानी म्हटल्यावर माणसं चहूकडून आली. माळव्यातली, बुंदेलखंडातली, जुन्या भोपाळातली नवाबी वळणाची, फाळणीनंतर आलेली सिंधी, भेलच्या कारखान्यामुळं आलेली दक्षिणेकडची, आणि आपली मराठी मंडळीही.

त्यामुळं एकाच बाजारात सकाळी पोहे-जिलेबी, कुठं दाल पकवान, कुठं इडली, संध्याकाळी कबाब आणि बिर्याणी, आणि मधल्या वेळात मीठ घातलेला सुलेमानी चहा. आपल्याकडं पोह्यावर तर्री, त्यांच्याकडं पोह्यावर शेव आणि बाजूला जिलेबी. पोहे तेच, पण एकाची सकाळ तिखट आणि दुसऱ्याची गोड.

यात कुणाचं खाणं चांगलं आणि कुणाचं वाईट असं ठरवायला गेलं तर भांडणच होईल. आम्हाला वेगळी गोष्ट दिसली. दाल-बाफल्याचं घ्या. गव्हाच्या कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग शेणीच्या आरावर भाजायचे, मग तुपात बुडवायचे. चार बाफले खाल्ले की माणूस दुपारभर हलत नाही. पण हे जेवण शेतात दिवसभर नांगर धरणाऱ्या माणसाचं आहे. त्याला ते पचायचं, कारण तो ते खर्च करायचा. आता त्याचा नातू टी. टी. नगरातल्या ऑफिसात आठ तास बसते आणि रविवारी तेच चार बाफले तेवढ्याच तुपात खाते. बाफला बदलला नाही, खाणाऱ्याचा दिवस बदलला.

म्हणूनच असेल, स्टेडियमच्या आसपास सकाळी चालणाऱ्यांची बरीच गर्दी दिसली. पांढरे बूट घालून, हात हलवत, गोल गोल. आमच्यातला एक जण हसला, "बिनकामाचं चालतात बापा!" हसू आलं खरं. पण ज्याच्या कामातून चालणं गेलं, त्याला ते असं वेगळं कमवावं लागते. आणि आपल्याही कामातून ते हळूहळू जात चाललं आहे. त्यावर पुढं येतो.

जाळ्यावरची पोरगी

भोपाळच्या छोट्या तलावावर मध्यप्रदेश सरकारची वॉटर स्पोर्ट्स अकादमी आहे. कयाकिंग आणि कनोइंगची पोरं तिथं तयार होतात. तिथं नाव ऐकलं कावेरी ढीमरचं. सीहोर जिल्ह्यातली, आपल्यासारख्याच मच्छीमार घरातली पोरगी. बापावर कर्ज होतं म्हणून बहिणींसोबत इंदिरा सागर धरणाच्या पाण्यात नाव चालवून मासे धरायची. खेळ खात्याच्या माणसांच्या नजरेला ती पडली आणि अकादमीत आली. त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धांमध्ये सोन्याच्या पदकांची रांग लावली, थायलंडच्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ आणलं, आणि पुढं भारतीय नौदलात भरती झाली.

कौतुक तर आहेच. पण दोन गोष्टींवर विचार करा. पहिली, तिला ताकद अकादमीनं शून्यातून दिली नाही. वल्हं मारून मारून खांदे, पाठ आणि कंबर आधीच तयार होती. अकादमीनं तंत्र दिलं आणि नेम दिला. दुसरी, अकादमीत खेळाडूच्या जेवणाकडं तितकंच लक्ष असते, जितकं सरावाकडं. डाळ, दूध, अंडी, फळं, वेळेवर जेवण, वेळेवर झोप. म्हणजे मच्छीमाराचं काम आणि खेळाडूचं ताट एकत्र आलं तर काय होते, ते त्या पोरीनं दाखवलं.

आपल्याकडं काय होते? काम मच्छीमाराचं, आणि ताट भजे, चहा अन् खर्ऱ्याचं. पहाटे चारला जाळं काढायला जायचं ते उपाशी, सोबत खर्रा. आठ-नऊला चौकात आलूबोंडा आणि दोन चहा. पोटभर जेवण एकदम दुपारी दोनला, भाताचा डोंगर. आणि रात्री काहींचं पिणं. एवढ्या मेहनतीचं शरीर आपण असं चालवतो आहोत.

जगात काय झालं बघा

बोलिव्हिया देशाच्या जंगलात चिमाने नावाचे आदिवासी राहतात. मासे धरतात, शिकार करतात, थोडी शेती करतात. २०१७ साली 'लॅन्सेट' या मोठ्या वैद्यकीय मासिकात त्यांच्यावर अभ्यास छापून आला. सातशेवर प्रौढ माणसांच्या हृदयाचे स्कॅन काढले. १०० पैकी ८५ जणांच्या हृदयाच्या धमन्यांत चुना साचल्याचं नावही नव्हतं. तोपर्यंत तपासलेल्या कुठल्याच समाजात इतकी साफ हृदयं सापडली नव्हती. आणि ते काय खातात? भात, कच्ची केळी, कंद, मका. त्यांच्या पोटातली सत्तर टक्क्यांच्या आसपास ऊर्जा अशा पिठूळ अन्नातून येते, आपल्यासारखीच. फरक एवढाच की ते अन्न साधं, न पिसलेलं, बिनतळलेलं. आणि पुरुष दिवसातले सहा-सात तास, बाया चार ते सहा तास अंग हलवतात. त्यांचं जगणं सोपं नाही, तिथं जंतांचे आणि तापाचे रोग भरपूर आहेत. पण हृदय मात्र साफ.

आता याच्या उलट. प्रशांत महासागरात नाउरू नावाचं बेट आहे, जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं. लोक पिढ्यान् पिढ्या मासे, नारळ आणि केवड्याच्या जातीतल्या झाडाची फळं खाऊन जगले. बुआडा नावाच्या तळ्यात मिल्कफिश पाळायचे, म्हणजे आपल्यासारखाच तलावावरचा धंदा. बेटावर फॉस्फेटच्या खाणी निघाल्या. १९६८ ला देश स्वतंत्र झाला आणि पैसा पाण्यासारखा आला. मासे धरायची गरजच उरली नाही. जहाजानं पांढरा तांदूळ, मैदा, साखर, डब्यातलं मटण, कोल्ड्रिंक येऊ लागलं. १९७५ च्या तपासणीत तीनपैकी जवळपास एका प्रौढाला मधुमेह निघाला. आज जगातल्या सगळ्यात लठ्ठ देशांमध्ये नाउरूचं नाव येते. समुद्र तिथंच आहे आणि त्यात मासेही आहेत.

तिसरं जपानचं ओकिनावा. तिथले म्हातारे जगात सगळ्यात जास्त जगणारे म्हणून प्रसिद्ध. त्यांचं जुनं मुख्य अन्न रताळं, सोबत भाजी, सोयाबीन, थोडी मासळी. आणि एक म्हण, की पोट दहापैकी आठ हिस्से भरलं की हात धुवायचे. आपली आजीही हेच सांगायची, दोन घास कमी खा म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं अमेरिकन लष्कराचे तळ पडले. डबाबंद मटण, बर्गर आणि मोटारी आल्या. २००० साली जपानच्या ४७ प्रांतांमध्ये ओकिनावाच्या पुरुषांचा आयुष्यमानात नंबर २६ वा लागला. म्हातारे शंभरी गाठत होते आणि त्यांची पोरं साठीच्या आत जात होती. एकाच घरात, एकाच रक्ताची.

आणि लांब कशाला, आपला गोवा बघा. मासळी खाणारा गोव्यासारखा प्रांत दुसरा कोणता? २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, १०० प्रौढांमागे २६.४. देशाचं प्रमाण होतं ११.४. यात मासळीचा दोष नाही. पण ताटात मासळी आहे एवढ्यानं माणूस वाचत नाही, हे यातून पक्कं होते. मासळीसोबत काय आहे, ती कशात तळली आहे, आणि जेवून उठल्यावर माणूस काय करते, हे बघावं लागते.

आपल्याकडं काय बदललं

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा आपल्या बापाचा दिवस आठवा. घरापासून तलावापर्यंत पायी. डोंगा हातानं. जाळं हातानं ओढायचं, हातानं विणायचं. मासळी विकायला आपल्या माया-मावश्या टोपली डोक्यावर घेऊन चार-पाच कोस आठवडी बाजारात जायच्या आणि तितकंच परत.

आज घरापासून तलावापर्यंत मोटारसायकल. जाळं रेडिमेड. मासळी बर्फाच्या पेटीत, व्यापारी गाडी घेऊन थेट पाळीवर. मावश्या ऑटोत. हे वाईट झालं असं आम्ही म्हणत नाही. डोक्यावरच्या टोपलीनं मावश्यांच्या मानेचं आणि गुडघ्यांचं काय झालं ते आम्ही पाहिलं आहे. सोय झाली ती चांगलीच झाली. पण शरीराचा खर्च निम्म्यावर आला आणि भाताचं माप तेच राहिलं.

त्यात बंदीचा काळ. मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. आपल्याकडंही पावसाळ्यात तलाव विसावतो आणि आपणही विसावतो. दोन महिने पत्ते, टीव्ही, मोबाईल, पावसात भजे, आणि हातात वेळ असला की बाटली. मग हंगाम सुरू झाला की पहिल्याच दिवशी भरलेलं जाळं ओढायचं. बाहेर न गेलेल्या गाडीला एकदम घाटात घातल्यासारखं. कंबर धरते, छातीत कळ येते. दोघांपैकी एका सभासदाला लकवा मारला तो हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात.

बंदीच्या काळासाठी केंद्राची जी मदत आहे, तिचं सरकारी नाव नीट वाचा. आजीविका आणि पोषण साहाय्य. आपण १५०० भरतो, सरकार ३००० घालते, आणि ४५०० रुपये तीन महिन्यांत मिळतात. नावात पोषण आहे. ते पैसे डाळ, अंडी, दूध, भाजी यात गेले तर नाव खरं झालं.

थोडा हिशेब

तेल: पाच माणसांच्या घरात महिन्याला ५ किलो तेल लागत असलं तर माणशी रोज ३३ ग्रॅम. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे रोज जवळपास ३०० कॅलरी नुसत्या तेलाच्या. चौकातला आलूबोंडा यात धरलेलाच नाही.

साखर: दिवसाला सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे. झाली ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर रोज ५० ग्रॅमच्या आत ठेवा, २५ च्या आत असली तर फारच चांगलं. म्हणजे आपण चहातच हद्द ओलांडली. कोल्ड्रिंकच्या छोट्या बाटलीत अजून पाचेक चमचे.

मीठ: दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा सपाट, सगळं धरून. आपल्या सुकटीत, लोणच्यात, पापडात मीठच मीठ. सुकट सोडू नका, प्रथिनांचा तो स्वस्त खजिना आहे. पण रांधण्याआधी गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या, आणि मग भाजीत वरून मीठ घालताना हात आखडता घ्या.

मासळी: १०० ग्रॅम रोहूत १६-१७ ग्रॅम प्रथिनं असतात. रस्सा केला तर ती मिळतात. रवा लावून भरपूर तेलात तळली तर प्रथिनांसोबत तेलही पोटात जाते. आणि एक मजा बघा. मोठा रोहू-कतला आपण विकतो, बारीक मासळी आणि झिंगे घरी ठेवतो, आणि वर म्हणतो, गरिबाचं खाणं. अरे, काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी म्हणजे फुकटचं कॅल्शियम. पोरांना आणि पोटुशी बाईला तीच आधी द्या.

शिंगाडा: भोपाळकडंही आपल्यासारखेच ढीमर-कहार लोक तलावात शिंगाडा लावतात. तिथं टपरीवर उकडलेले शिंगाडे खाणारे दिसले. आपण सगळा वाळवून व्यापाऱ्याला देतो आणि पोरांना पाच रुपयांचं कुरकुऱ्याचं पाकीट आणून देतो. तलावातून निघालेलं सोनं विकून कागद विकत घेतल्यासारखं आहे हे.

मग करायचं काय?

डॉक्टर आम्ही नाही. पण जे कुणालाही, फुकट, आजपासून करता येईल ते सांगतो.

१. पहाटे तलावावर रिकाम्या पोटी जाऊ नका. भिजवलेले चणे, रात्रीची भाकर, केळं, एक अंडं, काहीही चालेल. खर्रा हे खाणं नाही, तो आधी सुटला पाहिजे.

२. ताटात भात निम्मा, आणि उरलेल्या निम्म्यात वरण, भाजी आणि मासळी. भाकर येत असेल घरी तर एक वेळ भाकरच.

३. बंदीच्या दोन महिन्यांत रोज अर्धा-पाऊण तास पाळीवरून भरभर चाला. जाळी दुरुस्त करा, पाळीची झुडपं काढा, डोंग्याला डांबर लावा. तज्ज्ञ आठवड्याला कमीत कमी १५० मिनिटं सांगतात. रोजचे २५ मिनिटंही होत नाहीत, एवढंच आहे ते.

४. कंबर मोजा. बेंबीच्या पातळीवर शिंप्याचा टेप लावा. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायांची ८० च्या वर गेली तर पुढची तपासणी करून घ्या. वजनकाटा लागत नाही.

५. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा बीपी आणि शुगर तपासावी. उपकेंद्रात फुकट होते. लकव्याआधी बीपी बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही, म्हणून तर ते मोजावं लागते.

६. बीपीची गोळी सुरू असेल तर 'आता बरं वाटते' म्हणून मनानं बंद करू नका. लकवा झालेल्या दोघांपैकी एकानं नेमकं हेच केलं होतं. त्याच्या घरच्यांनी हे सगळ्यांना सांगा म्हटलं, म्हणून इथं लिहितो आहोत.

संस्थेच्या वतीनं एक ठरवलं आहे. यंदा हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, जाळी-डोंग्यांची पाहणी होते त्याच दिवशी, सगळ्या सभासदांचं बीपी, शुगर आणि कंबर मोजली जाईल. आरोग्य केंद्राच्या ताईंशी बोलणं झालं आहे. मासळी विकणाऱ्या मावश्या आणि वहिनींनीही यायचं आहे, सभासद कार्ड नवऱ्याच्या नावावर असलं तरी. उलट त्यांनी आधी यावं. घरात सगळ्यांना वाढून उरलेलं खाणाऱ्या त्याच आहेत, आणि देशात १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ बायांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत निघालं आहे.

डोंगा पाण्यात घालायच्या आधी आपण त्याला ठोकून बघतो, कुठं पाणी घुसते का म्हणून. तो चालवणाऱ्या माणसालाही वर्षातून एकदा तसं बघू.

त्या रविवारी सकाळी ८ वाजता, संस्थेच्या कार्यालयात. रिकाम्या पोटी या, तपासणी झाल्यावर नाश्ता संस्थेकडून आहे. पोहेच असतील. तर्री मिळेल, जिलेबी नाही.

आपला,
सचिव
(संचालक मंडळाच्या वतीनं)

ज्यांच्या घरी मोबाईल नाही त्यांना हे वाचून दाखवा. काही विचारायचं असलं तर खाली लिहा, नाहीतर ओट्यावर भेटा.